गप्प शनिवार

शनिवार, ६ तारीख

आज मास्तर गेले. म्हणजे माणूस धडधाकट आहे, पण तोंडावरची अंपायरची जाळी काढून होम प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागेवरच्या पांढऱ्या फळीवर, ठेवली आणि बेसबॉलचा सामना अर्धा टाकून चालायला लागले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. अठ्ठावीस पोरं हातात ग्लोव्ह घालून बघत उभी.

नवरोबांनी ही वही आणून दिली त्याला महिना झाला. म्हणाले, ‘सगळंच बोलून दाखवण्यापेक्षा थोडं लिहीत जा.’ आज पहिल्यांदा उघडली, कारण ज्यांच्याशी बोलावं ते सगळे मला टाळताहेत.

झालं काय, मुंगी बॅटिंगला होती. मुंगी म्हणजे आमची मुलगी, बारा वर्षांची, चणीनं एवढीशी म्हणून मुंगी. बॉल आला पार घोट्याजवळून. असला बॉल चांगला धरायचा की वाईट, हे प्लेटमागे वाकून बसलेला अंपायर ठरवतो. मास्तर म्हणाले, चांगला. न मारता सोडलेला तिसरा होता, म्हणजे मुंगी आऊट. आता मी काय बोलले? काही नाही. एवढंच म्हटलं, ‘मास्तर, सोमवारी दुकानात या, आमचे हे तुम्हाला फुकट चष्मा करून देतील!’ नवरोबा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात, हे गावाला माहीत आहे. लोक हसले. मास्तरही हसले असं मला वाटलं. जाळीमागचं तोंड कोणाला दिसतंय?

त्यानंतर तो निळ्या गाडीवाला बाप काहीतरी बरळला आणि मास्तर उठले. या पालकांना लाज कशी वाटत नाही? म्हातारा माणूस, जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवून निवृत्त झालेला, शनिवारची झोप मोडून पोरांसाठी येतो. उचलली जीभ लावली टाळ्याला!

संध्याकाळी क्रीडा संघटनेच्या सेक्रेटरींचा फोन. ते दातांचे डॉक्टर आहेत, सगळं दात काढावा तसं बोलतात. ‘सलग दोन शनिवार सामने अर्धवट राहिले तर मैदान फुटबॉलवाल्यांना. नियम तुम्हाला माहीत आहेत.’ माहीत आहेत. फुटबॉलवाले टपूनच बसलेत.

रविवार, ७

सकाळपासून फोन. अंपायरचं प्रशिक्षण घेतलेली माणसं गावात मोजकी. बेकरीवाला म्हणाला, ‘ताई, रविवारी भट्टी असते.’ म्हटलं, सामने शनिवारी असतात. म्हणाला, ‘शनिवारी पण असते.’

ही लीग मी शून्यातून उभी केली. दोन वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो, तेव्हा मुंगी शाळेत कोणाशी बोलायचीच नाही. बाईंनी मला बोलावून विचारलं, ‘हिला बोलता येतं ना?’ मी घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. मग एकदा बघितलं, ही एकटीच मागच्या भिंतीवर बॉल आपटतेय आणि झेलतेय, तासन्‌तास. तेव्हाच ठरवलं. दारोदार हिंडले, मैदान मिळवलं, प्लंबरला कोच केलं, चार संघ उभे केले. नियमसुद्धा मीच लिहिला: कितीही ढ पोरगं असो, प्रत्येक सामन्यात प्रत्येकाला बॅट मिळालीच पाहिजे. आता तिला मैत्रिणी आहेत म्हणतात. घरी मात्र हो, नाही, जेवले, झोपते. लीग गेली तर पोरगी परत खोलीत जाऊन दार लावून घेईल, आणि या वेळी उघडणार नाही. हे मला दिसतंय.

मंगळवार, ९

मास्तरांच्या घरी गेले. ते ओट्यावर सायकलचं पंक्चर काढत बसले होते. चहा दिला, खुर्ची दिली, कुठे राग नाही. मी म्हटलं, ‘मास्तर, त्या निळ्या गाडीवाल्याला मी सरळ करते. तुम्ही फक्त या.’ ते म्हणाले, ‘समोरून ट्रक येतोय आणि शिकाऊ माणसानं स्टीअरिंग सोडलंय, असं कितीदा झालं. मी कधी घाबरलो नाही. पण हे…’ आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसले.

त्यांच्या बायकोनं विचारलं, ‘तुम्ही नोकरी कुठे करता?’ सांगितलं, बाटल्यांच्या कारखान्यात, भरण्याच्या लाईनवर सुपरवायझर. हजारो बाटल्या पट्ट्यावर एकमेकींना आपटत जातात, ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही. ‘असं होय,’ त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघितलं. नवरा ट्यूबकडे बघत राहिला. चांगली बाई आहे, आपुलकीनं चौकशी करते.

नाहीच तयार झाले ते. हात टेकले मी.

गुरुवार, ११

एक आशेचा किरण! छोटी अंपायर बसथांब्यावर भेटली. कॉलेजात जाते, प्रशिक्षण घेतलंय, मागच्या हंगामात लहान गटाचे सामने करायची. मध्येच बंद केलं, अभ्यास म्हणे. तेव्हा सामन्यांत तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. मैदानावर धूळ फार उडते, मी तिला थेंबांचं औषधसुद्धा सुचवलं होतं. आज आधी मला बघून ती दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी जाऊन हात धरला. म्हणाली, ‘काकू, कोणी एक शब्दही ओरडणार नसेल तर येते. एक शब्दही.’ म्हटलं, माझ्यावर सोड.

जेवताना ही आनंदाची बातमी सांगितली, तर नवरोबा म्हणाले, ‘मास्तर दुकानात आले होते. सोमवारी.’

‘कशाला?’

‘डोळे तपासायला. तू बोलावलं होतंस ना?’

मला हसू आलं. ‘अहो, गंमत होती ती!’

‘त्यांना तसं वाटलं नाही. दोन्ही डोळे नीट तपासून घेतले. काही दोष नाही निघाला. म्हणाले, तसं कागदावर लिहून द्या.’

मी म्हटलं, ‘मग बरंच झालं की, खात्री तरी पटली.’ नवरोबांनी ताट तसंच ठेवलं आणि उठले. मुंगीही उठली. आता भाजीत मीठ कमी होतं, हे मान्य. पण घरात साधी गंमत करायची सोय राहिली नाही.

शुक्रवार, १२

झकास कल्पना सुचली. ‘गप्प शनिवार’! उद्या मैदानावर मोठ्या माणसांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. शाबासकी नाही, सूचना नाही, ‘पळ पळ’ नाही. फक्त टाळ्या. फाटकातच प्रत्येक पालकाला काडीवरची गोळी द्यायची. तोंडात गोळी असली की कुलूप आपोआप लागतं. निळ्या गाडीवाल्यासाठी दोन आणल्यात.

कारखान्यातून सुटल्यावर फलक रंगवला. सगळ्या पालकांना कळवलं. आश्चर्य म्हणजे कोणी कुरकुर केली नाही. एक आई तर म्हणाली, ‘ताई, तुम्हाला जमेल ना हे?’ म्हटलं, न जमायला काय झालं, गोळ्या वाटायच्यात फक्त.

मुंगीला सांगितलं. ती बुटाची नाडी बांधत होती. ‘तू पण?’

‘अगं, नियम काढलाय कोणी? मीच!’

‘हो, पण तू पण?’

एकदा सांगितलेलं हिला कधी कळत नाही.

प्लंबर कोच येऊन गेला. म्हणाला, मुंगीनं मैदानाच्या मागच्या टोकाला उभं करायला सांगितलंय. तिथे तासाभरात एखादा बॉल येतो! मी म्हटलं, मुळीच नाही, पुढे ठेवा, मला दिसेल अशी. पोरीला आत्मविश्वास कमी आहे, तो आपणच वाढवायचा असतो.

शनिवार, १३

काय लिहू, कसं लिहू. पण आधी चांगलं लिहिते, कारण ते खरंच घडलं.

सगळे गोळ्या चघळत बाकांवर बसले. सुरुवातीला इतकी शांतता, की बुटाखाली चुन्याची रेघ घासलेली ऐकू यावी. पोरंसुद्धा बावरून आमच्याकडे बघत होती. मग हळूहळू पोरांचे आवाज यायला लागले. पोरं आपसात बोलतात! कोण कुठे सरक, कोणाचा झेल, कोणाचा हात ढिला. दोन वर्षांत हे मी कधी ऐकलंच नव्हतं. आणि त्यात एक आवाज सगळ्यांच्या वरचा. ‘माझा, माझा! सोड, माझा आहे!’ खणखणीत, पार रस्त्यापर्यंत जाईल असा. मी बघायला लागले, ही कोणाची भवानी?

मुंगी होती.

समोरच्या संघातल्या लंबूला ती चिडवत होती, ‘वाक रे जिराफा, बॉल खाली आहे!’ आणि तो जिराफही हसत होता. पडलेल्या पोरीला हात देऊन उठवत होती, बॉल टाकणाऱ्या पिचरला जाऊन कानात काहीतरी सांगत होती. माझी मुंगी! माझ्या तोंडात गोळी होती आणि डोळे भरून वाहत होते. नवरोबांनी माझ्या हातावर हात ठेवला. इतकं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

शेवटच्या डावात बरोबरी होती. मुंगी तिसऱ्या बेसवर, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर; बॉलच्या आधी होम प्लेट गाठली की धाव. बॅट लागली, मुंगी सुटली, बॉलही होम प्लेटकडे निघाला. तिनं झेप घेऊन अंग जमिनीवर झोकून दिलं. धूळ. छोट्या अंपायरनं मूठ वर केली, आऊट.

मी एकच शब्द बोलले. खरंच एकच.

‘आंधळी!’

कारखान्यातला आवाज, आणि मैदानावर एवढी शांतता. समोरच्या भिंतीवर आपटून तो परत आला, मलाच दोनदा ऐकू आला. सगळ्यांनी माना वळवल्या. रागावलेलं कोणी दिसलं नाही, तेच भयंकर होतं. याचीच वाट बघत असल्यासारखे सगळे बघत होते. निळ्या गाडीवाल्यानं तर मान खाली घातली.

छोट्या अंपायरनं जाळी काढली. धूळ तोवर खाली बसली होती, पण तिचे डोळे वाहत होते. मागच्या हंगामातही असेच वाहायचे. तिनं पिशवी उचलली आणि गेली.

मुंगी अजून प्लेटजवळ बसली होती, गुडघा फुटलेला. मी धावत गेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आई, मी आऊटच होते.’

रविवार, १४

सलग दुसरा शनिवार अर्धवट, मैदान माझ्यामुळे गेलं. दुसऱ्या कोणामुळे नाही. देवा, एक गोळी संपेपर्यंतसुद्धा मला तोंड धरता आलं नाही.

मुंगीनं दार लावून घेतलंय. दाराबाहेर उभी राहून माफी मागितली. पुन्हा मागितली, जरा जोरात. नवरोबा आले आणि हळूच म्हणाले, ‘अगं, माफी मागतेयस की भांडतेयस?’ मी विचारलं, ‘अहो, मी नेहमीच अशी का?’ त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘तुझं प्रेम फार मोठ्यानं आहे.’ यावर हसावं की रडावं कळेना, म्हणून रडले.

सोमवार, १५

कामावरून परस्पर सेक्रेटरी डॉक्टरांच्या दवाखान्यात. खुर्चीत एक माणूस तोंड वासून पडलेला आणि डॉक्टर त्याच्या दाढेत यंत्र घालून माझ्याशी बोलताहेत. ‘फुटबॉलवाल्यांचा अर्ज टेबलावर आहे.’ मी हात जोडले. चप्पल झिजेस्तोवर हिंडेन म्हटलं, लीगवरून काढून टाका म्हटलं, पण पोरांचं मैदान काढून घेऊ नका. त्या वासलेल्या तोंडातूनसुद्धा ‘आँ, आँ’ असं काहीतरी आलं. माझ्या बाजूनंच असावं. डॉक्टर म्हणाले, ‘गुरुवारपर्यंत हंगामभर येणारा अंपायर आणा, सहीनिशी. नाही तर माझा नाइलाज आहे.’

कोण येणार आता? छोटीच्या घरी फोन केला, तिच्या आईनं उचलला, माझा आवाज ओळखला आणि ठेवला.

मुंगी सायकल घेऊन बाहेर गेली होती, उशिरा आली. गुडघ्यावर कोणीतरी स्वच्छ पट्टी बांधून दिली होती. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणाली, ‘ओळखीच्यांकडे.’ बरं, घराबाहेर पडली हेच खूप.

बुधवार, १७

मास्तर आले! स्वतः, सही केलेला कागद घेऊन. मी दारातच त्यांच्या पाया पडायला वाकले, ते दोन पावलं मागे सरकले.

आधी चष्म्याबद्दल माफी मागितली. हळू आवाजात, शिकवल्यासारखी. ते म्हणाले, ‘झालं ते झालं.’ छोट्या अंपायरशीही ते बोलले आहेत, दोघं मिळून हंगाम पार पाडतील. पण एक अट. सामना चालू असताना मी मैदानावर असायचं नाही. बाकावर नाही, फाटकाशी नाही, गाडीत बसूनही नाही. बाकी लीग मीच चालवायची.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ‘मास्तर, ही शिक्षा आहे का?’

‘नाही हो ताई. अट आहे.’

‘तोंडाला पट्टी लावून बसते. मैदानाच्या पार टोकाला बसते. माझी पोरगी खेळते तिथे!’

त्यांनी टोपी हातात फिरवली. ‘गाडी शिकवताना एक बघितलं. काही पोरांच्या शेजारी बाप बसला की गाडी सारखी बंद पडते. बाप उतरला की तीच पोरं झकास चालवतात. बाप वाईट नसतो, ताई.’

मी लीगचं विचारतेय आणि हे गाड्यांचं सांगताहेत. वय झालं, दुसरं काय.

गुरुवार, १८

दिवसभर डोकं भणभणत होतं. मी उभी केलेली लीग, आणि मीच हद्दपार! नको तुमचा अंपायर, असं म्हणून कागद फाडावा, असं चारदा मनात आलं. ज्या शनिवारसाठी मी बाकीचे दिवस ढकलते तो शनिवारच काढून घेतला तर मग उरलं काय माझ्याकडे? बाटल्या?

मग तो आवाज आठवला. ‘माझा, माझा! सोड!’ त्या आवाजाला मैदान लागतं. मी नसले तरी चालतं.

डॉक्टरांना कागद दिला, अटीखाली माझी सही केली. परत कामावर गेले आणि लाईनवर उभी राहून मोठमोठ्यानं रडले. तिथे एक बरं आहे, कोणाला ऐकू जात नाही.

शनिवार, २०

उजाडताच मैदानावर गेले. चुन्याच्या रेघा आखल्या, बेस ठोकले, प्लेट घासून पांढरीशुभ्र केली, पाण्याची पिंपं भरली. पहिल्या सायकलची घंटी ऐकली आणि मागच्या वाटेनं निघाले. जादा पाळी मागून घेतली होती. सामन्याच्या वेळी कारखान्याच्या आवारात जाऊन उभी राहिले. इथून काय ऐकू येणार? काहीच आलं नाही. लाईनवरचा एक पोरगा म्हणाला, ‘बाई, बरं वाटत नाही का?’ त्याच्यावर खेकसले, मग त्याचीही माफी मागितली.

घरी आले तर बापलेक आधीच आलेले. मी नुसतं विचारलं, ‘काय झालं गं?’ आणि मुंगी सुरू झाली. हो-नाही नव्हे, अख्खा सामना! हातवारे करून, खुर्चीवर चढून, जिराफाची नक्कल करून. मास्तर कसे वाकतात, छोटी कशी ठसक्यात मूठ वर करते, तिचा स्वतःचा झेल कसा सुटता सुटता बोटांत अडकला. दोन वर्षांत एवढं ती माझ्याशी बोलली नव्हती. मी भाजी चिरायची थांबले. मध्ये एकदाही बोलले नाही.

मग ती खुर्चीवरून उतरली. ‘आई, एक सांगू? ती अट मास्तरांची नव्हती.’

‘मग कोणाची?’

‘माझी. मी गेले होते त्यांच्याकडे सायकलवर. मी म्हटलं, आई नसली तर याल का?’

नवरोबा उठून आत गेले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

मी विचारलं, ‘एवढा त्रास होतो माझा?’

तिनं नीट विचार केला. पोरगी खोटं बोलत नाही, ही माझीच शिकवण. म्हणाली, ‘तू ओरडलीस ना, की मला बॉल दिसेनासा होतो.’

सुरी हातात तशीच होती. काय काय तोंडापर्यंत आलं. तुझ्यासाठीच केलं सगळं, असंही आलं. ते गिळलं.

‘चिडलीस?’ तिनं विचारलं.

‘नाही गं.’

‘काय? मोठ्यानं बोल ना, ऐकू नाही आलं.’

नुसती मान हलवली. सोमवारी जाऊन हंगाम संपेपर्यंतच्या सगळ्या शनिवारच्या पाळ्या मागून घेणार आहे.